कॅलिफोर्निया ते वॉशिंग्टन मोटारसायकलने: ‘रन फॉर द वॉल’ यात्रेत प्रथमच सहभागी होणाऱ्यांसाठी

दरवर्षी मे महिन्याच्या मध्यास, एका बुधवारी सकाळी, कॅलिफोर्नियातील ऑन्टारिओ शहरातून शेकडो मोटारसायकली पूर्वेकडे निघतात आणि दहाव्या दिवशी, म्हणजे ‘मेमोरियल डे’च्या (युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा, मे महिन्यातला शेवटचा सोमवार) आधीच्या शुक्रवारी, राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात पोहोचतात. या यात्रेचे नाव ‘रन फॉर द वॉल’ असे आहे. नावातली भिंत म्हणजे व्हिएतनाम युद्धस्मारकाची, मृत आणि बेपत्ता सैनिकांची ५८,००० हून अधिक नावे कोरलेली काळी भिंत होय. मी या यात्रेच्या मध्य मार्गाने गेलो आहे. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा भारतातून येऊन सहभागी होऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांना निघण्यापूर्वी जे माहीत असायला हवे, ते येथे क्रमाने सांगत आहे.

यात्रेची सुरुवात १९८९ साली जेम्स ग्रेगरी आणि बिल इव्हान्स या व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या दोन सैनिकांनी केली. युद्धकैदी झालेल्या आणि बेपत्ता असलेल्या सहकाऱ्यांचा विषय देश विसरत चालला आहे, हे पाहून ते मोटारसायकलने देश ओलांडत निघाले आणि वाटेतल्या गावागावांत थांबून लोकांशी व स्थानिक वार्ताहरांशी बोलले. आजही यात्रेचे उद्दिष्ट तेच आहे: माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मनावरच्या जखमा भरून याव्यात, बेपत्ता असलेल्या प्रत्येकाचा हिशेब लागावा, सर्व युद्धांतील मृतांचे स्मरण राहावे आणि सेवेत असलेल्यांना पाठबळ मिळावे. ‘जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही गाडी चालवतो’ हे तिचे ब्रीद आहे. हे वाक्य ज्याने मनापासून स्वीकारले आहे त्यानेच यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला केवळ अमेरिका मोटारसायकलवरून पाहायची आहे त्याने वेगळी सहल आखावी, कारण येथे कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि किती वेगाने जायचे हे तुमच्या हाती नसते.

‘बेपत्ता’ या शब्दाचा आवाका आधी समजून घ्यावा. दुसऱ्या महायुद्धापासून आजवर अमेरिकेच्या सुमारे ८१,००० सैनिकांचा ठावठिकाणा लागलेला नाही. त्यांतले बहुतेक, म्हणजे ७०,००० हून अधिक, दुसऱ्या महायुद्धातले आहेत, तर व्हिएतनाम युद्धातले दीड हजारांच्या आसपास उरले आहेत. त्यांचा शोध घेण्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची स्वतंत्र संस्था आहे आणि तिचे काम अरुणाचल प्रदेशातही चालते, कारण आसामातून हिमालयाच्या टोकावरून चीनला रसद नेणारी अनेक विमाने त्या डोंगरांत कोसळली होती. हा विषय आपल्यालाही परका नाही. १९७१ च्या युद्धानंतर न परतलेल्या ‘त्या ५४ जणां’च्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे नाव आहे आणि त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय दर्जाच्या बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी कित्येक दशके त्यांचा शोध घेतला. ज्यांना ही हकीकत माहीत आहे, त्यांना काळ्या-पांढऱ्या ‘पीओडब्ल्यू-एमआयए’ (युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिक) झेंड्यामागची वेदना समजावून सांगावी लागणार नाही. त्या झेंड्यावर ‘तुम्हाला विसरलेलो नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत.

मार्ग कसा निवडावा

ऑन्टारिओहून वॉशिंग्टनला तीन मार्ग जातात: मध्य, दक्षिण आणि या दोहोंच्या मधून जाणारा ‘मिडवे’. ‘सँडबॉक्स’ नावाचा चौथा मार्ग वॉशिंग्टनहून इलिनॉय राज्यातील मार्सेल्स येथील स्मारकापर्यंत जातो. तेथे मध्यपूर्वेतील संघर्षांत मरण पावलेल्यांची नावे आहेत, त्यामुळे इराक-अफगाणिस्तानच्या पिढीतल्या सैनिकांना तो अधिक जवळचा वाटतो. पहिल्या तिन्ही मार्गांची लांबी ढोबळमानाने २,७०० मैल, म्हणजे सुमारे ४,३०० किलोमीटर, धरावी. त्यातले अंतर दहा दिवसांत विभागले तरी रोजचे सरासरी २७० मैल होतात आणि काही दिवस याहून बरेच लांब असतात.

दक्षिण मार्ग ऍरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी आणि टेनेसी असा जातो. उन्हाची सवय असलेल्या आणि डोंगरातल्या थंडीला बिचकणाऱ्या स्वाराला तो सोयीचा आहे. या वाटेवरील लास क्रूसेस शहरात बटानच्या मृत्युयात्रेचे, म्हणजे १९४२ साली फिलिपाइन्समध्ये जपानी सैन्याने युद्धकैद्यांना घडवलेल्या जीवघेण्या पायपिटीचे, स्मारक आहे. न्यू मेक्सिकोतून फिलिपाइन्सला गेलेल्या सुमारे १,८०० जवानांपैकी जेमतेम निम्मे घरी परतले, एवढे एकच वाक्य लक्षात ठेवून त्या स्मारकापुढे उभे राहावे.

मध्य मार्ग सर्वांत जुना आहे आणि प्रथमच येणाऱ्याला मी तोच सुचवतो. तो ऍरिझोनातील विल्यम्स, न्यू मेक्सिकोतील गॅलप, कोलोरॅडोतील लायमन, कॅन्सस, मिसूरीतील वेंट्झव्हिल, इंडियानातील कॉरिडन आणि वेस्ट व्हर्जिनिया असा जातो. गॅलप हा नवाहो लोकांचा परिसर आहे. दुसऱ्या महायुद्धात आपल्या भाषेवर आधारलेल्या सांकेतिक शब्दांनी पॅसिफिकमधील संदेश सुरक्षित ठेवणारे मरीन सैनिक याच समाजातले होते. पुढे एंजल फायर येथे व्हिक्टर वेस्टफॉल या पित्याने १९६८ साली व्हिएतनाममध्ये पडलेल्या आपल्या मुलासाठी, डेव्हिडसाठी, बांधलेले स्मारक आहे. वॉशिंग्टनची भिंत १९८२ साली उभी राहिली. एंजल फायरची ती पांढरी, पंखासारखी वास्तू त्याआधी अकरा वर्षे, १९७१ साली, एका घराच्या दुःखातून उभी राहिली होती. तेथे दिलेला वेळ पुढच्या प्रवासाला वेगळा अर्थ देतो.

संपूर्ण अंतर जाणे बंधनकारक नाही. एक दिवस, दोन दिवस किंवा एखादा टप्पा एवढाच सहभाग घेता येतो. ज्यांना रजा मिळत नाही, त्यांनी आपल्या राज्यातून यात्रा जाते तेव्हा एका दिवसासाठी सामील व्हावे.

नोंदणी, परवाना आणि विमा

नोंदणी यात्रेच्या अधिकृत संकेतस्थळावर करावी आणि आपला मार्ग त्याच वेळी ठरवावा, कारण स्वागतसमित्या जेवणाची आणि इंधनाची व्यवस्था याच आकड्यांवरून करतात. मुक्कामाची ठिकाणे जाहीर होताच हॉटेलच्या खोल्या राखून ठेवाव्यात. लायमनसारख्या छोट्या गावांत खोल्या मोजक्याच असतात आणि उशीर झाला की चाळीस-पन्नास मैल दूर जावे लागते. दिवसभर गाडी चालवल्यावर ते चाळीस मैल फार जड जातात.

अमेरिकेत राहणाऱ्यांच्या वाहन परवान्यावर मोटारसायकलची स्वतंत्र नोंद असणे आवश्यक आहे. ती नसेल तर आदल्या हिवाळ्यात मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा, कारण अनेक राज्यांत तो उत्तीर्ण झाल्यावर रस्त्यावरची चाचणी माफ होते. मात्र त्या वर्गातून बाहेर पडून थेट या यात्रेला येऊ नये. त्याआधी किमान दोन-तीन वेळा तीनशे मैलांचा दिवस पूर्ण केलेला असावा आणि निदान एकदा तरी वीस-पंचवीस गाड्यांच्या समूहात चालवलेली असावी.

भारतातून येणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि त्यावर मोटारसायकलच्या वर्गाचा शिक्का आहे याची खात्री कार्यालयातच करून घ्यावी. केवळ मोटारीच्या वर्गाचा परवाना दाखवल्यास भाड्याने गाडी मिळत नाही. मूळ परवानाही सोबत हवा. प्रवास विम्याची कलमे बारकाईने वाचावीत, कारण अनेक विम्यांत मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलवरचा अपघात वगळलेला असतो आणि अमेरिकेतील रुग्णालयाचा खर्च विम्याविना सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही.

हेल्मेटचा कायदा राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्निया, लुइझियाना, मिसिसिपी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया आणि व्हर्जिनिया येथे ते सर्वांना सक्तीचे आहे. ऍरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅन्सस येथे ही सक्ती केवळ १८ वर्षांखालील स्वारांना आहे, तर इलिनॉयमध्ये ती कोणत्याही वयाच्या स्वारावर नाही. आजूबाजूचे लोक राज्याची सीमा ओलांडताच हेल्मेट काढताना दिसतील. तुम्ही काढू नका.

गाडी आणि शरीर

गाडी कोणत्या कंपनीची आहे याला येथे महत्त्व नाही. ती महामार्गाच्या वेगाने तासन्‌तास चालली पाहिजे आणि एका टाकीत शंभर मैलांहून बरेच अधिक अंतर गेले पाहिजे, कारण इंधनाचे थांबे साधारण तेवढ्या अंतरावर असतात. परतीचा प्रवासही गाडीनेच असेल तर एकूण अंतर ५,४०० मैलांवर जाते. म्हणून अर्धे झिजलेले मागचे टायर घेऊन निघू नये. टायर, ब्रेकचे पॅड, साखळी किंवा पट्टा, बॅटरी आणि इंजिन ऑइल यांचे काम निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करावे आणि त्यानंतर दोनशे मैल गाडी चालवून पाहावी. आदल्या दिवशी गॅरेजमधून आलेली गाडी वाटेतच आपला दोष दाखवते.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. गाडी गॅलनला ४० मैल देत असेल तर एकेरी प्रवासाला ६८ गॅलन लागतील. अनेक गावांत इंधन आणि जेवण स्थानिक संस्था व नागरिक स्वखर्चाने देतात. तरीही पूर्ण खर्चाची रक्कम बाळगावी आणि जेथे काही फुकट मिळेल तेथे तेवढी रक्कम देणगीच्या डब्यात टाकावी, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. सुट्या नोटा खिशात असाव्यात, कारण पंपावर कार्ड चालवत बसायला वेळ नसतो.

हवामानाचा फेर मोठा आहे. पहिल्या दिवशी मोहावीच्या वाळवंटात पारा ३५ अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि तिसऱ्या दिवशी एंजल फायरच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंचीवर, गारा किंवा बर्फ पडू शकतो. कॅन्ससच्या सपाटीवर आडवा वारा गाडी सतत एका बाजूला ढकलत राहतो आणि मे हा तेथे टॉर्नेडोंचा, म्हणजे जमिनीवर उठणाऱ्या वावटळी वादळांचा, महिना असतो. त्यामुळे उन्हासाठी भिजवून घालायचे जाकीट, थंडीसाठी आतला गरम थर आणि पूर्ण पावसाळी पोशाख ही तिन्ही सोबत हवीत, आणि पावसाळी पोशाख सामानाच्या सर्वांत वर हवा. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. वाळवंटातील कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, त्यामुळे शरीर सुकत चालल्याचे डोके दुखू लागेपर्यंत कळत नाही.

पलटणीतील शिस्त

यात्रेतील स्वार प्लाटूनमध्ये विभागलेले असतात. आपल्याकडच्या सैनिकी गावांत रूढ असलेला ‘पलटण’ हा शब्द मला तेथे सहज आठवला आणि शिस्तीचे स्वरूप पाहता तोच योग्य वाटतो. प्रत्येक पलटणीला पुढे नायक आणि मागे शेवटचा अनुभवी स्वार असतो. तीनचाकी गाड्या आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाड्या यांच्या तुकड्या वेगळ्या असतात. ताफ्यामागून मदतीची वाहने येतात. पहिल्यांदा येणाऱ्याला ‘एफएनजी’ म्हणतात. हे सैन्यातले जुने, काहीसे रांगडे संबोधन आहे, पण येथे ते आपुलकीने वापरले जाते. नवागताला माहितीसत्राला हजर राहावेच लागते आणि तेथे जे सांगितले जाते ते या लेखातील कोणत्याही सूचनेपेक्षा वरचढ मानावे.

समूहात चालवताना सर्वांत मोठा धोका अंतर ताणले जाण्याचा असतो. पुढचा स्वार किंचित हळू झाला की मागचा थोडा अधिक हळू होतो, त्यामागचा ब्रेक दाबतो, आणि चाळिसाव्या गाडीपर्यंत ते जोरदार थांबणे झालेले असते. नंतर अंतर भरून काढण्यासाठी शेवटचे स्वार वेगमर्यादेपलीकडे धावतात. यावर उपाय एवढाच की नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर न ठेवता चार-पाच गाड्या पुढे ठेवावी आणि वेगातले बदल ब्रेकऐवजी शक्यतो थ्रॉटलने करावेत. ताशी ६५ मैलांच्या वेगाने गाडी एका सेकंदात २९ मीटर जाते. लक्ष दोन सेकंद विचलित झाले तर जवळजवळ साठ मीटर आपण आंधळेपणाने गेलेलो असतो. छायाचित्र काढण्यासाठी हात सोडणे म्हणूनच अक्षम्य आहे.

गाडीत बिघाड झाला किंवा झोप अनावर झाली तर हात वर करून उजवीकडे कडेला जावे आणि थांबावे. तुमच्यासाठी तुमचा मित्र थांबणार नाही, थांबूही नये. मागून येणारे मदतवाहन तुमच्यासाठीच आहे. भारतीय स्वाराला हे प्रथम कठोर वाटते, कारण आपल्याकडे एक थांबला की सगळे थांबतात. पण वेगवान महामार्गाच्या कडेला दहा गाड्या उभ्या करणे म्हणजे दहा जीव धोक्यात घालणे होय. डावीकडून गाडी चालवण्याची सवय असलेल्यांनी पेट्रोल पंपातून बाहेर पडताना विशेष सावध असावे, कारण सवय नेमकी तेव्हा उलटते.

पंपावर गाड्या रांगेने येतात, नोझल हातोहात पुढे जाते आणि काही मिनिटांत पलटण बाहेर पडते. टाकीचे झाकण आपली पाळी येण्याआधी उघडलेले असावे. दिवस संपून गाडी उभी केल्याशिवाय मद्याला स्पर्श करू नये.

ताफ्याच्या अग्रभागी एक रचना असते, तिच्यात एका स्वाराची जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते. ती न परतलेल्याची जागा आहे. भोजनाच्या ठिकाणीही अनेकदा एक लहान गोल टेबल मांडलेले दिसेल: पांढरे कापड, एक लाल गुलाब, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, पालथा पेला आणि रिकामी खुर्ची. लिंबू कडू नशिबासाठी, मीठ घरच्यांच्या अश्रूंसाठी. त्या खुर्चीवर जाकीट किंवा हेल्मेट ठेवू नये.

बोलावे कसे, ऐकावे कसे

व्हिएतनामहून परतलेल्या अनेकांचे स्वागत झाले नव्हते. काहींना तर गणवेश लपवावा लागला. म्हणून त्या पिढीच्या सैनिकाला भेटताना ‘वेलकम होम’ म्हणतात. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही हे दोन शब्द ऐकून पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा बदलतो, हे मी समोर उभे राहून पाहिले आहे. आपण स्वतः सैनिक नसल्यास तसे आधीच सांगावे. कोणी कमी लेखत नाही. युद्धात काय केले, कोणाला मारले, असे प्रश्न कधीही विचारू नयेत. ‘तुम्ही कोणासाठी चालवता आहात?’ हा एकच प्रश्न पुरेसा असतो, आणि उत्तर आले नाही तर गप्प बसणे हेच योग्य. कोणी भिंतीजवळ पोहोचण्याआधीच परत फिरले तर त्याला समजावू नये. काहींना तिथपर्यंत यायला तीन-चार वर्षे लागतात.

कॅन्सस आणि मिसूरीत पुलांवर लोक झेंडे घेऊन उभे असतात, अग्निशमन दलाच्या गाड्या शिड्या उंचावतात. हात हलवणे मागे बसलेल्यावर सोपवावे किंवा मान लववून दाद द्यावी. वेस्ट व्हर्जिनियातील रेनेल या छोट्या गावची शाळकरी मुले या दिवसाची वर्षभर वाट पाहतात आणि स्वार तेथील शाळेसाठी देणगी गोळा करून देतात. तेथे मुले जाकिटावर किंवा वहीत सही मागतात. पेन सोबत ठेवावे आणि घाई करू नये.

एक नाव सोबत घ्यावे

निघण्याच्या महिनाभर आधी भिंतीवरचे एक नाव निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. व्हिएतनाम व्हेटरन्स मेमोरियल फंडाच्या ‘वॉल ऑफ फेसेस’ या संकेतस्थळावर प्रत्येक नावाचे छायाचित्र आहे. जेथून निघतो त्या शहरातला किंवा आपल्या वयाचा एखादा सैनिक शोधावा, त्याची माहिती एका कागदावर हाताने लिहावी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावी, आणि भिंतीवरील त्याच्या फलकाचा क्रमांक व ओळ टिपून घ्यावी. पाचव्या-सहाव्या दिवशी पाठ दुखू लागते आणि आपण येथे का आलो असा प्रश्न पडतो, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

भिंतीपाशी

शुक्रवारी ताफा पोहोचतो. शनिवारी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सामूहिक छायाचित्र होते, आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत अज्ञात सैनिकाच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले जाते. तेथील व्हिएतनाम युद्धातील अज्ञात सैनिकाची कबर आज रिकामी आहे. १९८४ साली तेथे ठेवलेले अवशेष १९९८ साली डीएनए चाचणीने मायकेल ब्लासी या वैमानिकाचे असल्याचे सिद्ध झाले आणि ते त्याच्या कुटुंबाकडे गेले.

भिंतीवर गर्दीत जाऊ नये. स्मारक रात्रंदिवस खुले असते, त्यामुळे पहाटे जावे. माया लिन यांच्या आराखड्यातील तो काळा ग्रॅनाइट आपल्या बंगळूरहून गेलेला आहे. त्याला चढणारी चकाकी पाहणाऱ्याचा चेहरा नावांमध्ये दिसावी इतकी स्वच्छ असते. नावे वर्णानुक्रमाने नसून मृत्यूच्या किंवा बेपत्ता झाल्याच्या तारखेनुसार आहेत. मधल्या कोपऱ्यावर, पूर्वेकडील पहिल्या फलकावर, ती सुरू होतात, उजवीकडे टोकापर्यंत जातात, डाव्या टोकाला पुन्हा उगम पावतात आणि त्याच मधल्या कोपऱ्यावर संपतात. दर दहा ओळींमागे कडेला एक ठिपका आहे, त्यावरून ओळ मोजावी. नाव उंचावर असेल तर स्वयंसेवकांना सांगावे. त्यांच्याकडे शिडी असते आणि नावाचा ठसा कागदावर घासून घेण्यासाठी पट्टी व पेन्सिलही मिळते. सोबत आणलेला कागद भिंतीच्या पायथ्याशी ठेवावा. तेथे ठेवलेल्या वस्तू राष्ट्रीय उद्यान सेवेचे कर्मचारी गोळा करतात.

नावाशेजारचे चिन्ह नीट पाहावे. चौकोनी हिरा असेल तर मृत्यू निश्चित झालेला आहे. क्रूस असेल तर तो माणूस युद्ध संपताना बेपत्ता होता. अवशेष सापडून ओळख पटली की त्या क्रूसावरच हिरा कोरला जातो. कोणी जिवंत परत आलाच तर क्रूसाभोवती वर्तुळ काढायचे असे ठरलेले आहे, पण आजवर एकही वर्तुळ कोरावे लागलेले नाही. तुम्ही क्रूस असलेले नाव निवडले असेल, तर पुढल्या वर्षी पुन्हा जाल तेव्हा सर्वांत आधी तेच नाव शोधून चिन्ह बदलले आहे का ते पाहा.